मिरचीच्या पोटात

हिरवी मिरची उभी चिरली की आत दिसते ती बहुतेक हवाच. देठाकडून खाली उतरलेला एक पांढुरका, मऊ गाभा, त्याला चिकटलेल्या चपट्या बिया, कडेने एकदोन पातळ पडदे आणि बाकी सगळी मोकळी जागा. टोमॅटो आणि वांगे हे मिरचीचे भाऊबंद. वनस्पतिशास्त्र या तिघांनाही मृदुफळांत, म्हणजे बेरीत, जमा करते. पण टोमॅटोचे पोट रसाने भरलेले, वांग्याचे गराने, आणि मिरचीचे मात्र रिकामे. फळात तयार खिसा असावा आणि त्या खिशाला धरायला देठाची मूठही असावी, अशी सोय निसर्गात फार ठिकाणी नाही. माणसाने तो खिसा भरला आणि मिरची तळली. जोधपूरचा मिरची वडा, मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहराचा चिले रेयेनो, अमेरिकेतला हालापेन्यो पॉपर, बल्गेरियातली चुश्की ब्युरेक, फिलिपिन्सची डायनामाइट लुंपिया आणि आपल्या वाळवणातली सांडगी मिरची हे पदार्थ एकमेकांपासून हजारो मैल दूर घडले, तरी त्यांच्या कृतीत विलक्षण साम्य आहे. या सगळ्यांची कृती मिरचीच्या शरीररचनेतच दडलेली आहे, असे मला मनापासून वाटते.

तिखटपणा कुठे असतो, इथून सुरुवात करावी लागते. बिया तिखट असतात हा घरोघरचा समज. प्रत्यक्षात बी स्वतः तिखट द्रव्य बनवत नाही. ते बनते बिया ज्याला लगडलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात आणि त्याला जोडलेल्या पडद्यांत. बियांना तिखटपणा येतो तो गाभ्याला चिकटून राहिल्यामुळे. फळाची हिरवी भिंत त्या मानाने सौम्य असते. म्हणून मिरची भरण्यासाठी पोट मोकळे करताना आपण नकळत तिचा दाह काढून टाकतो. जागा करणे आणि तिखट कमी करणे ही दोन्ही कामे सुरीच्या एकाच फिरकीत होतात. गाभा पूर्ण काढला तर मिरची जवळपास भाजीसारखी लागते, थोडा ठेवला तर तिचा मान राहतो. भजीवाला सुरीचे टोक किती खोल घालतो, यावर ताटलीतल्या घासाचे भवितव्य ठरते.

त्या द्रव्याचे नाव कॅप्सायसिन. १८७६ मध्ये जॉन क्लफ थ्रेश या ब्रिटिश रसायनज्ञाने ते जवळपास शुद्ध रूपात वेगळे केले आणि हे नाव दिले. ते जिभेवर नेमके काय करते, याचे उत्तर मिळायला पुढे १२१ वर्षे लागली. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेतातंतूंच्या टोकांवरचा टीआरपीव्ही-१ नावाचा ग्राही शोधून काढला. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले की हा दरवाजा उघडतो आणि मेंदूला 'भाजले' असा निरोप जातो. कॅप्सायसिन हाच दरवाजा उष्णता नसतानाही उघडते. म्हणजे तिखट ही गोड-आंबटासारखी चव नाही, ती आगीची वर्दी आहे. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापूटियन यांच्याबरोबर मिळाले.

तळलेल्या मिरचीच्या दृष्टीने या शोधाचा एक अर्थ फार मोलाचा आहे. कॅप्सायसिन लागले की दरवाजा नेहमीपेक्षा कमी तापमानालाही उघडू लागतो. कढईतून नुकती काढलेली मिरची दोन वाटांनी एकाच दारावर धडकते, खऱ्या उष्णतेने आणि रसायनाने. तीच मिरची निवल्यावर खाल्ली तर सौम्य वाटते. मिरची भजी गरमच खावीत या आग्रहामागे कुरकुरीतपणा आहेच, पण हा दुहेरी चटकाही आहे.

झाडाने हे द्रव्य कशासाठी बनवले असेल? २००१ मध्ये जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नॅभान यांनी ॲरिझोनातल्या रानमिरचीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंदरांच्या जातीचे प्राणी बी चावून नष्ट करतात, पक्षी ते अखंड गिळून दूर नेतात आणि ते बी रुजते. पक्ष्यांचा ग्राही कॅप्सायसिनला दाद देत नाही, सस्तन प्राण्यांचा देतो. झाडाने आपल्यासारख्यांना दूर ठेवण्यासाठी हा पहारा बसवला, आणि आपण त्या पहाऱ्यावर बटाट्याचे सारण भरून बेसनात बुडवतो! माणूस हा मिरचीच्या बाबतीत सगळ्यांत अनपेक्षित सस्तन प्राणी ठरला आणि त्याच्याच हातून तिचे बी सगळ्या खंडांत गेले.

आता भरण्याकडे येऊ. कॅप्सायसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. दुधातले केसीन हे प्रथिन त्याच्या रेणूंना धरून जिभेवरून दूर नेते. म्हणून तिखट लागल्यावर पाणी पिऊन भागत नाही, ताक किंवा दूध लागते. भरून तळलेल्या मिरचीत हा उतारा पदार्थाच्या आतच ठेवलेला असतो. चीजमध्ये स्निग्धांश आणि केसीन दोन्ही आहेत, तर बटाट्याचा पिठूळ गोळा जिभेवर पसरून दाह पातळ करतो. शास्त्र माहीत नसताना खंडोखंडीच्या गृहिणींनी आणि आचाऱ्यांनी याच वस्तू निवडल्या, त्या जिभेच्या साक्षीने.

या पदार्थाच्या जुन्या घरांपैकी एक मेक्सिकोत आहे, आणि ते स्वाभाविक आहे, कारण मिरचीचे माहेरच तिथले. माणूस मिरची खात आणि लावत आला त्याला किमान सहा हजार वर्षे झाली. पण स्पॅनिश लोक येण्याआधी मेक्सिकोत गायीगुरे नव्हती, डुकरे नव्हती, कोंबड्या नव्हत्या, गहू नव्हता. म्हणजे चीज, चरबी, कोंबडीची अंडी आणि मैदा यांपैकी काही नव्हते. तिथले अन्न भाजले, उकडले, वाफवले जाई. कढईभर स्निग्ध पदार्थात तळणे ही सोळाव्या शतकानंतरची गोष्ट. चिले रेयेनो म्हणूनच दोन जगांच्या मिलाफाचे अपत्य आहे. भांडे अमेरिकेचे, आतबाहेरचे बरेचसे जुन्या जगाचे.

त्यासाठी लागणारी पोब्लानो मिरची तळहाताएवढी, गर्द हिरवी, खांद्याशी रुंद आणि शेंड्याकडे निमुळती असते. स्कोव्हिल मापात तिचा तिखटपणा हजार ते दोन हजारांच्या घरात. (हे माप विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधनिर्मात्याने १९१२ मध्ये बसवले. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पट पातळ केल्यावर तिखट लागेनासा होतो, ते चाखून ठरवायचे.) पोब्लानो आधी थेट जाळावर भाजतात. तिची साल मेणचट आणि चिवट असते. ती शिजून मऊ पडत नाही, आणि तिच्यावर पिठाचे आवरणही धरत नाही. साल करपली की मिरची फडक्यात किंवा झाकणाखाली घामेजू देतात. मग आपण वांग्याची काढतो तशी साल सुटून येते. एका बाजूने चीर देऊन गाभा काढायचा, आत ताणले जाणारे ओआहाकाचे चीज किंवा मसाल्यात परतलेला खिमा भरायचा, मिरची मैद्यात घोळायची. मैद्याची ही कोरडी पूड आवरणाला पकड देते.

आवरण मात्र आपल्या भज्याच्या पिठाहून अगदी वेगळे. अंड्यांचा पांढरा भाग उभा राहील इतका फेटायचा, त्यात पिवळा बलक हलक्या हाताने मिसळायचा आणि त्या फेसात मिरची बुडवून तळायची. सोडा नाही, यीस्ट नाही, फक्त अडकलेली हवा. गरम तेलात ती हवा फुगते आणि मिरचीभोवती सोनेरी ढग तयार होतो. नंतर ती टोमॅटोच्या पातळ रश्शात बसवतात आणि ढग रस्सा शोषून घेतो. कुरकुरीतपणाचा मोह सोडून मऊपणा पत्करणारी ही रीत आपल्याकडच्या माणसाला सुरुवातीला चुकल्यासारखी वाटेल, पण रश्शातल्या वड्याची सवय असलेल्या जिभेला ती पटकन उमजेल.

याच घराण्यातला सर्वांत मानाचा पदार्थ म्हणजे प्वेब्लाचा चिलेस एन नोगादा. स्पेनपासून मेक्सिकोच्या स्वातंत्र्याला मान्यता देणारा कोर्दोबाचा करार २४ ऑगस्ट १८२१ रोजी झाला. त्यानंतर चार दिवसांनी, २८ ऑगस्टला, संत ऑगस्टीनचा दिवस म्हणजे तो करार करणारा सेनापती आगुस्तीन दे इतुर्बिदे याचाही नामदिन होता. त्या निमित्ताने प्वेब्लातल्या सांता मोनिका मठातल्या जोगिणींनी हा पदार्थ त्याच्यासाठी रचला, अशी आख्यायिका आहे. हिरवी मिरची, अक्रोडाची पांढरी चटणी आणि डाळिंबाचे लाल दाणे असे त्याच्या सैन्याच्या निशाणाचे तीन रंग त्यात आहेत. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. खाद्येतिहासाचे अभ्यासक अशा एका दिवसात जन्मलेल्या पदार्थांकडे सावधपणेच पाहतात. पदार्थाचे पंचांग मात्र खरे आहे. पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या पायथ्याशी, काल्पानसारख्या गावांत, ताजे अक्रोड, सफरचंद, नासपती, पीच आणि डाळिंब ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच एकत्र हाताशी येतात. सारणात खिम्याबरोबर ही फळे, मनुका आणि बदाम जातात. ताज्या अक्रोडाची कडू साल एकेक करून सोलावी लागते. त्यासाठी घरातली सगळी माणसे बसतात. अस्सल रीतीत मिरचीला अंड्याचा फेस लावून तळतातच. हल्ली अनेक उपाहारगृहे ती पायरी गाळतात, आणि प्वेब्लातली जुनी माणसे त्यावर रागावतात. त्यांचा राग मला योग्य वाटतो.

मिरची अमेरिकेबाहेर पडली ती १४९२-९३ च्या कोलंबसाच्या सफरीनंतर. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. १५१० पासून गोवा त्यांच्या ताब्यात होता. तोवर आपला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आले यांच्यावर चालत असे. पुढे ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, भिवापुरी अशी तिची शेकडो रूपे या मातीत घडली. तिच्या सोबतीला अमेरिकेचाच बटाटा आला.

जोधपूरच्या मिरची वड्यात या दोन परदेशी पाहुण्यांची गाठ पडते, आणि प्वेब्लाचा हिशेब इथे उलटा होतो. तिथे मिरची स्थानिक आणि आतबाहेरचे बाहेरून आलेले. इथे मिरची आणि सारणातला बटाटा समुद्रापलीकडचे, आणि बेसन, बडीशेप, धणे, हिंग, आमचूर आपल्या जुन्या स्वयंपाकातले. जाड भिंतीची, फिकट पोपटी भावनगरी मिरची उभी चिरून तिच्यात आंबट-तिखट बटाटा ठासून भरतात. मिरची बटाट्याने नुसती भरत नाहीत, तर बाहेरूनही लपेटतात, मग घट्ट बेसनात बुडवून तळतात. जोधपूरकर ती पावाच्या दोन स्लाइसमध्ये दाबून खातात. मुंबईच्या वडापावशेजारी ठेवलेली मिठातली तळलेली मिरची तिथे जणू वड्याच्याच पोटात शिरली आहे.

हैदराबादेकडे बटाटा नाही. तिथे चिंचेचा कोळ, तीळ, शेंगदाणे, ओवा यांचे पातळसे वाटण चिरेत चोपडतात. आंबटपणा मिरचीच्या हिरव्या, काहीशा कडवट वासाला आवर घालतो. 'कट मिर्ची' या प्रकारात तळलेल्या भज्याचे तुकडे करून ते पुन्हा तेलात सोडतात, म्हणजे कापलेल्या कडाही कुरकुरीत होतात. कर्नाटकात दावणगेरेला चुरमुऱ्यांच्या मंडक्कीबरोबर मिरची भजे हवेच, हुबळी-धारवाडला चुरमुऱ्यांच्याच गिरमिटाबरोबर. चुरमुऱ्यांची मूठ तोंडात टाकायची आणि मिरचीचा घास चावायचा. कोरडे चुरमुरे तेल आणि तिखट दोन्ही टिपून घेतात.

बेसन इथे का चालते, हेही सांगायला हवे. हरभऱ्याच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नाही, त्यामुळे आवरण चिवट न होता खुसखुशीत होते. त्यातली प्रथिने तेलात झटकन घट्ट होतात आणि खमंग तपकिरी रंग धरतात. कढईत घडते ते असे. मिरचीत जवळपास नऊ-दशांश पाणी असते. तेल १८० अंशांच्या आसपास तापले की हे पाणी वाफ होऊन बाहेर धावते. आपल्याला दिसतात ते बुडबुडे म्हणजे ही वाफ. ती बाहेर येत आहे तोवर तेल फारसे आत शिरत नाही. अखंड, न चिरलेली मिरची तेलात टाकली तर वाफेला वाट मिळत नाही आणि ती फटकन फुटते. जुन्या बायका मिरचीला टोचा मारल्याशिवाय कढईत टाकू देत नाहीत, ते याचसाठी. बेसन या धक्क्याला झेलते. आवरण कुरकुरते आणि आत मिरची स्वतःच्या वाफेत शिजते.

पाण्याच्या याच अडचणीवर महाराष्ट्राने वेगळाच तोडगा काढला, आणि तो मला या सगळ्या घराण्यात सर्वांत बुद्धिमान वाटतो. चैत्र-वैशाखात पापड-कुरडयांच्या बरोबरीने भरून वाळवलेली मिरची, म्हणजे सांडगी मिरची, घातली जाते. जाड सालीच्या, फार जहाल नसलेल्या मिरच्या धुऊन पुसून कोरड्या करायच्या, देठ राखून उभी चीर द्यायची आणि मेथी, धणे, मोहरी, हिंग, हळद, मीठ यांची पूड लिंबाच्या रसात किंवा ताकात कालवून आत भरायची. मग उन्हात. काही घरांत रात्री मिरच्या पुन्हा ताकात घालतात आणि सकाळी परत वाळत टाकतात. तमिळनाडूची ताकातली मिरची, मोर मिळगाय, ही याची सख्खी बहीण. मिठाने आणि आंबटपणाने मिरची टिकते, उन्हाने पाणी जाते, हिरवा रंग उतरून ती वाळल्या गवताच्या रंगाची होते आणि वर्षभर बरणीत राहते.

आता ती तळा. पाणी उरलेले नसल्यामुळे तिला बेसनाचा अंगरखा लागतच नाही. ती स्वतःच कुरकुरीत होते. मध्यम तापलेल्या तेलात काही क्षणांत ती तपकिरी, जवळपास काळपट होते. एक क्षण जास्त झाला तर मेथी जळून कडू पडते, म्हणून इथे हात सावध हवा. ताकात मुरलेली असेल तर दुधातले केसीन तिच्या अंगातच असते. उरलेले काम ताटातला दहीभात करतो. भातावर ती चुरडली की मिठाचा, हिंगाचा आणि भाजक्या मिरचीचा वास एकदम उठतो. ताटाच्या डाव्या बाजूला तिचे स्थान लहानसे असले, तरी आजारातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव आणण्याचे काम तिने पिढ्यानपिढ्या केले आहे.

अमेरिकेतल्या पॉपरची गोष्ट मळ्यापासून कारखान्यापर्यंत जाते. हालापेन्यो ही मेक्सिकोच्या हालापा शहरावरून नाव पडलेली, बोटभर लांब, जाड मिरची. पिझ्झावरच्या तिच्या चकत्या आता आपल्याही ओळखीच्या आहेत. तिचे माप अडीच ते आठ हजार, म्हणजे पोब्लानोपेक्षा चांगलेच वर. चीज भरलेल्या तळलेल्या हालापेन्यो टेक्सासकडे होत्याच. १९९० च्या दशकात विस्कॉन्सिनमधल्या अँकर फूड प्रॉडक्ट्स या कंपनीने त्या 'पॉपर्स' या नावाने गोठवून देशभर पोचवल्या. गोठवण्यात साठवणुकीची सोय आहेच, पण कृतीही आहे. चीज कढईत लवकर वितळून फुटून बाहेर येते. गोठलेली मिरची तळली की आतले चीज मऊ होईपर्यंत बाहेरचा चुरा तांबूस होऊन कवच बनलेला असतो. घरी करणाऱ्यांनीही भरलेल्या मिरच्या तासभर फ्रीजरमध्ये ठेवून मगच तळाव्यात.

भरण्यासाठी सरळ, जाड भिंतीची, खांद्याशी सपाट मिरची हवी, आणि ती तशी घडवण्यात वनस्पतिसंशोधकांचे आयुष्य गेले. मेक्सिकोतल्या चिवावामध्ये जन्मलेल्या फाबियान गार्सिया यांनी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत १९०७ च्या सुमारास निवडीचे काम सुरू केले आणि 'न्यू मेक्सिको क्र. ९' हे वाण दिले. लांबट, गुळगुळीत, कमी तिखट, खांद्याला खाचा नसल्याने भाजून सहज सोलता येणारी मिरची त्यांना हवी होती. टेक्सासमध्ये बेनिग्नो विल्यालोन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सौम्य हालापेन्योचे वाण काढले. चव आणि गंध तोच, दाह बराच कमी. ज्यांच्या ताटात मिरची कधीच नव्हती, त्यांच्यापर्यंत ती अशी पोचली.

बाकीच्या भावंडांचा उल्लेख तरी व्हायला हवा. बल्गेरियात भाजून सोललेल्या मिरचीत खारट पांढरे सिरेने चीज आणि अंडे भरून, पावाच्या चुऱ्यात घोळून तळतात. मिरच्या भाजण्यासाठी तिथे घरोघर 'चुश्कोपेक' नावाची खास विजेची भट्टी असते. फिलिपिन्समध्ये चीज भरलेली लांब मिरची लुंपियाच्या पातळ पारीत गुंडाळून, देठ बाहेर ठेवून तळतात, आणि तो देठ वातीसारखा दिसतो. पेरूच्या आरेकीपा शहरात काळ्या बियांची रोकोतो मिरची पोखरून, उकळत्या पाण्यात पुन्हा पुन्हा घालून तिचा दाह उतरवतात. ती तळत नाहीत, भट्टीत भाजतात, पण गाभा काढण्याचे कसब तेच.

एवढे सगळे करूनही ताटलीतली एखादी मिरची दगा देतेच. एकाच झाडाच्या दोन मिरच्या सारख्या तिखट नसतात. उन्हाचा ताण, पाण्याची ओढ, फळाचे वय यांनी गाभ्यातले कॅप्सायसिन बदलते. बाजारात भजीसाठी मिरची निवडताना जाड, चकचकीत, हलकी दाबली तर कडक लागणारी, सरळ फळे घ्यावीत. हालापेन्योच्या सालीवर बारीक तपकिरी रेघा असतील, तर ते फळ झाडावर जुने झालेले असते आणि बहुधा जास्त तिखट निघते. गाभा चमच्याच्या टोकाने खरवडून काढावा, नखाने नाही. हात लागलाच तर आधी तेल चोळावे आणि मग साबणाने धुवावे, कारण नुसत्या पाण्याने कॅप्सायसिन जात नाही.